हौशी आकाशमंडळे का मावळतात?

२०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात त्सुचिनशान-ॲटलास नावाचा धूमकेतू सूर्यास्तानंतर पश्चिम क्षितिजावर दिसत होता. ज्यांना ढगांनी वाट दिली त्यांनी तो पाहिला, बाकीच्यांनी छायाचित्रांवर समाधान मानले. आमच्या तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका तरुण शिक्षकाने त्या निमित्ताने खगोलप्रेमींचा एक व्हॉट्सॲप गट सुरू केला. तीन आठवड्यांत त्यात दीडशेवर माणसे जमली. दिवाळीनंतर गावाबाहेरच्या टेकडीवर पहिले आकाशदर्शन झाले, तेव्हा तेवीस जण आले होते. डिसेंबरात नऊ आले. जानेवारीत तो शिक्षक, त्याचा धाकटा भाऊ आणि मी असे तिघेच होतो. संक्रांतीपर्यंत गटावर तिळगुळाच्या चित्रांपलीकडे काही उरले नव्हते. टेकडी उतरताना त्याने मला विचारले, "काका, लोकांना आकाश आवडतच नाही का हो?"

त्या वेळी मी त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही. याच गावात, याच टेकडीवर, पूर्वी एक आकाशमंडळ होते आणि मी त्याच्या संस्थापकांपैकी एक होतो, हे त्याला ठाऊक होते. ते सात वर्षे चालले आणि बंद पडले. भांडण झाले नाही, पैशांचा घोळ झाला नाही, कोणी राजीनामा दिला नाही. इतक्या निरुपद्रवी रीतीने संपलेल्या गोष्टीची कारणे शोधण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. मीही वीस वर्षे पडलो नव्हतो.

आकाशातील एखाद्या नवलाईच्या निमित्ताने मंडळ जन्माला यावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. १९१० साली हॅलेचा धूमकेतू येऊन गेला आणि त्याच वर्षी कोलकात्यात 'ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन झाली. हौशी आणि व्यावसायिक अशा दोन्ही प्रकारची माणसे तिच्यात होती, तिचे स्वतःचे नियतकालिक निघत असे. दहा-बारा वर्षे ती चालली आणि विझली. (आज त्याच नावाची जी संस्था आहे, ती १९७२ साली स्थापन झालेली निराळी संस्था होय.) हॅले पुन्हा आला तो १९८६ च्या फेब्रुवारीत. त्या फेरीने महाराष्ट्रात हौशी खगोलप्रेमींची एक पिढीच उभी केली. मुंबईचे खगोल मंडळ, कल्याणचे आकाशमित्र मंडळ ही त्याच काळातली. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था मात्र या सर्वांहून वडील. तिची स्थापना १९४४ सालची आणि तिला धूमकेतूची गरज लागली नव्हती. ही टिकलेल्यांची नावे झाली. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतून त्या काळी जी लहानलहान मंडळे निघाली, त्यांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. शाळेच्या एखाद्या प्रयोगशाळेतील कपाट आणि त्यातील धूळ खात पडलेली दुर्बीण, एवढाच त्यांचा पुरावा उरतो.

आमचे मंडळ हेल-बॉपचे अपत्य. १९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये तो धूमकेतू वायव्येला इतका ठळक दिसत असे, की बसस्थानकाच्या दिव्यांतूनही ओळखू यावा. बँकेत नोकरीला असलेले एक गृहस्थ रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर आपली द्विनेत्री घेऊन उभे राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला धूमकेतू दाखवत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तेथे रोज येणारे आम्ही सात-आठ जण झालो. त्यात एक होमिओपॅथीचे डॉक्टर होते, एसटीच्या आगारातील एक मेकॅनिक होता, दोन महाविद्यालयीन मुली होत्या, एक निवृत्त तलाठी होते. धूमकेतू दिसेनासा होईपर्यंत मंडळाचे नाव ठरले होते, शंभर पानी वही आणली गेली होती आणि ते बँकेतले गृहस्थ कार्यवाह झाले होते. ती वही आजही माझ्याकडे आहे. पुढील बरेचसे तिच्या आधाराने लिहीत आहे.

वहीतील हजेरी मोजली तर एक विलक्षण गोष्ट दिसते. मंडळाची सर्वांत नियमित उपस्थिती १९९८ च्या जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आहे. म्हणजे भर पावसाळ्यात, जेव्हा आकाशात एकही तारा दिसण्याची शक्यता नव्हती तेव्हा!

त्या पावसाळ्यात आम्ही दुर्बिणीचा आरसा घासत होतो. पुण्याच्या 'आयुका'त त्या काळी हौशी लोकांसाठी दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा होत. आमच्यातले दोघे ते तंत्र शिकून आले आणि सहा इंच व्यासाच्या जाड काचेच्या दोन चकत्या घेऊन आले. ज्यांनी हे काम कधी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक चकती पक्की बसवायची, तिच्यावर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालायचे, वर दुसरी चकती ठेवून पुढे-मागे घासायची. घासताना हळूहळू त्या मेजाभोवती फिरत राहायचे आणि हातातली चकतीही थोडी थोडी फिरवायची. एवढ्यानेच वरची चकती आतून खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. आधी भरड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक. एक पूड बदलताना आधीच्या पुडीचा एक कण जरी राहिला तरी काचेवर ओरखडा उमटतो आणि मागे जावे लागते. म्हणून दर वेळी टेबल, बादल्या, हात आणि नखेसुद्धा धुवायची. शेवटी डांबरासारख्या राळेच्या थरावर सेरियम ऑक्साइडने चकाकी आणायची आणि दाढीचे पाते व बारीक दिवा यांच्या साह्याने आरशाचा आकार तपासायचा. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढी चूकही त्या तपासणीत दिसते. सहा इंची आरशाला असे कित्येक तास द्यावे लागतात आणि एका वेळी एकच माणूस घासू शकतो.

त्यामुळे पाळ्या लागल्या. डॉक्टर दवाखाना बंद करून रात्री साडेनऊला येत. आगारातला मेकॅनिक पाळी संपवून येई. नळीचे आणि बैठकीचे सगळे काम त्याने आपल्या अंगावर घेतले होते आणि त्यात तो आम्हां पदवीधरांना उभे करत नसे. मुलींपैकी एकीचा हात इतका सम होता, की शेवटची चकाकी तिच्याकडेच आली. तलाठी घासत नसत. ते कोणी किती वेळ घासले याची वहीत नोंद ठेवत आणि पूड बदलताना बादल्या धुवत. आपण त्या दिवशी गेलो नाही तर काम अडेल, ही जाणीव प्रत्येकाला होती. चहा होई, गप्पा होत, बाहेर धो धो पाऊस पडत असे. आकाशाविषयी आम्ही सर्वांत जास्त वाचले तेही त्याच चार महिन्यांत, कारण पाळीची वाट पाहणाऱ्याला दुसरे काही काम नसे.

आरशावर ॲल्युमिनियमचा थर चढवून आणला गेला. दसऱ्याला दुर्बीण उभी राहिली. तिच्यातून शनीची कडी पाहताना तलाठ्यांच्या डोळ्यांत आलेले पाणी मी पाहिले आहे. आणि माझे आजचे मत असे आहे, की मंडळ मावळायला लागले ते त्या दिवसापासून.

दुर्बीण तयार झाल्याबरोबर दोन गोष्टी झाल्या. पहिली अशी, की दहा जणांच्या हातांना असलेले काम एकाएकी संपले. दुर्बिणीला आयपीस एकच असतो. त्याला एकच माणूस डोळा लावतो, बाकीचे रांगेत उभे राहतात. आणि दुर्बीण रोखण्याचे काम ज्याला चांगले जमते तोच ते दर वेळी करतो, कारण रांगेतले लोक खोळंबलेले असतात. आमच्याकडे ते कार्यवाहांना जमे. मेकॅनिकला तिचा प्रत्येक स्क्रू माहीत होता, पण आकाशातले धूसर तेजोमेघ शोधण्याचा सराव त्याला कधी मिळालाच नाही. चार महिने मालक असलेली माणसे प्रेक्षक झाली.

दुसरी गोष्ट म्हणजे गर्दी. त्याच नोव्हेंबरात सिंह राशीतील उल्कावर्षावाची वृत्तपत्रांतून मोठी प्रसिद्धी झाली. भाकीत केलेल्या रात्री शाळेच्या मैदानावर तीनशे माणसे जमली. कोणी सतरंज्या आणल्या होत्या, कोणी शेंगा विकत होते. ठळक उल्का त्या वर्षी भाकितापेक्षा सुमारे सोळा तास आधीच पडून गेल्या होत्या, हे आम्हांला नंतर कळले. त्या रात्री दिसायच्या तितक्या दिसल्या, लोक थोडे कुरकुरले आणि दुर्बिणीसमोर रांग लावून उभे राहिले. आम्ही पहाटेपर्यंत रांग सांभाळत होतो. आमच्यापैकी एकानेही त्या रात्री आकाश धड पाहिले नाही. पुढच्या अमावास्येला वहीत अकरा नावे आहेत. त्यात तीनशेंपैकी नवीन आलेले फक्त दोन.

गर्दी म्हणजे वाढ, असा आमचा समज झाला होता. हौशी मंडळांचा हा सार्वत्रिक भ्रम असावा. उल्कावर्षाव पाहायला आलेला माणूस जत्रेला आलेला असतो आणि त्यात त्याची काहीच चूक नाही. पण अशा प्रत्येक जत्रेनंतर मंडळातली दोन-तीन कामाची माणसे थकून महिनाभर येत नाहीत. २००३ च्या ऑगस्टमध्ये मंगळ सुमारे साठ हजार वर्षांत आला नव्हता इतका पृथ्वीजवळ आला, तेव्हा पुन्हा हेच झाले. त्यानंतर कित्येक वर्षे दर ऑगस्टला मला फोन येत, 'मंगळ चंद्राएवढा दिसणार आहे म्हणे?' मंडळ बंद पडल्यावरही ते थांबले नाहीत.

यात आपल्या हवामानाची एक बाजू आहे. आकाशदर्शनाला अमावास्येच्या जवळची रात्र लागते. वर्षात अमावास्या बारा, अधिकमास असला तर तेरा. ज्येष्ठ, आषाढ, श्रावण आणि भाद्रपद या चार ढगांत गेल्या. अश्विनातली लक्ष्मीपूजनाची, त्या रात्री टेकडीवर कोण येणार? फाल्गुनातली अमावास्या आकाशासाठी सर्वांत देखणी, मेसिएच्या यादीतले एकशे दहा पदार्थ एका रात्रीत पाहण्याचा प्रयत्न त्याच सुमारास करतात. पण ती परीक्षांच्या दिवसांत येते आणि घरात दहावीचे मूल असले की बापही घरातून हलत नाही. चैत्र-वैशाखात लग्ने आणि सुट्ट्या. उरल्या कार्तिक, मार्गशीर्ष, पौष आणि माघ अशा चार. त्यातही शनिवार जुळायला हवा. म्हणजे केवळ आकाश पाहण्यासाठी भेटणारे मंडळ वर्षातून चार-पाच वेळा भेटणार. एवढ्या भेटींत माणसांना एकमेकांची नावेसुद्धा पाठ होत नाहीत. मार्चमध्ये पांगलेली माणसे नोव्हेंबरात पुन्हा जमवायची म्हणजे दर वर्षी नवे मंडळ काढण्यासारखेच आहे. ट्रेकिंगच्या गटांना पावसाळा हा हंगाम असतो. आमचा तो उपास. आरशाच्या त्या पावसाळ्याने हा उपास आमच्याकडून नकळत मोडून घेतला होता, आणि ते आमच्या लक्षात आले नाही. १९९९ च्या पावसाळ्यासाठी आम्ही काहीच योजले नाही. ११ ऑगस्टच्या खग्रास सूर्यग्रहणासाठी गुजरातेत जाऊन ढग पाहून आलो, एवढेच.

मग सारे कार्यवाहांवर आले. त्यांच्या कामाची यादी मी आज करू लागलो तर ती अशी होते: मुख्याध्यापकांना अर्ज, शिपायाकडून किल्ली, टेकडीवरच्या शेताच्या मालकाशी बोलणे, वीस जणांना फोन, सतरंज्या, चहाची किटली, रात्री परतताना मुलींना घरी पोहोचवणे, दुर्बीण धुऊन-पुसून कपाटात ठेवणे, पहाटे किल्ली परत. यातले काहीही आकाशाशी संबंधित नाही. छंद म्हणून जे सांगितले जाते त्यात हे काम कधी मोजले जात नाही, आणि जे मोजले जात नाही ते वाटूनही घेतले जात नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मान्सर ओल्सन यांनी १९६५ साली सामूहिक कृतीवर लिहिलेल्या पुस्तकात एक निरीक्षण नोंदवले आहे. ज्याला एखादी गोष्ट सर्वांत जास्त हवी असते तो तिचा भार एकटाच उचलू लागतो आणि बाकीचे, काहीही वाईट हेतू नसताना, त्याच्या खर्चाने निभावून नेतात. ओल्सन यांच्यासमोर कामगार संघटना आणि उद्योग होते, पण आमच्या कार्यवाहांचे वर्णन याहून नेमके मला कोठे आढळलेले नाही. आम्ही त्यांचे कौतुक करत असू. 'तुम्ही आहात म्हणून मंडळ आहे' हे वाक्य मी स्वतः त्यांच्या सत्कारात बोललो आहे. २००१ साली त्यांची बदली झाली.

त्यांच्यानंतर किल्ली माझ्याकडे आली. ज्याला केवळ आकाश पाहायचे होते त्याच्या गळ्यात सतरंज्या पडल्या. वर्षभर मी ते केले, मग टाळू लागलो. 'या अमावास्येला ढग असतील' हे कारण मी ढग नसतानाही दिले आहे.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी, ती माझ्याविषयी चांगले सांगत नाही. २००२ च्या हिवाळ्यात एक बाई आपल्या सातवीतल्या मुलीला घेऊन टेकडीवर आल्या. दुर्बिणीतून शनी पाहून झाल्यावर त्यांनी संकोचत विचारले, की मुलीच्या वडिलांना साडेसाती आहे, तर हाच तो शनी का? तोवर आम्ही जुनी मंडळी बरीच पुढे गेलो होतो. नाभीय अंतर, आयपीसचे मिलिमीटर, दीर्घिकांचे क्रमांक यांतच आमच्या गप्पा रंगत. आम्ही हसलो. एकाने एक कोटी केली आणि ती करणारा मी होतो. ती मुलगी दुर्बिणीपासून हलायला तयार नव्हती, तिला आई हाताला धरून घेऊन गेली. वहीत त्या दोघींची नावे एकदाच आहेत. जुन्या सभासदांची जाण वाढत जाते तसतसा दरवाजा अरुंद होत जातो. नवखा माणूस पहिल्या रात्री जो प्रश्न विचारतो तो आम्ही शंभर वेळा ऐकलेला असतो. त्याने मात्र तो विचारण्यासाठी धीर गोळा केलेला असतो. शहरात अशा मुलीला तारांगण आहे, विज्ञान केंद्र आहे, पुस्तकांची दुकाने आहेत. आमच्या गावी आमच्या मंडळाव्यतिरिक्त तिला दुसरा दरवाजा नव्हता.

मंडळे का बंद पडतात असे विचारले की ठरावीक उत्तरे येतात. पूर्वी दूरचित्रवाणीला दोष देत, आता मोबाइलला. अमेरिकेत रॉबर्ट पुटनम यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तेथील क्लब आणि संघटना ओस पडत चालल्याचे दाखवताना दूरचित्रवाणी आणि पिढीबदल यांवर बराच भर दिला होता. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. मोबाइल आकाशाकडे धरला की ताऱ्याचे नाव समोर येते, तेव्हा चित्रा कोणती आणि स्वाती कोणती हे सांगणाऱ्या माणसाची मातब्बरी कमी झाली हे खरेच. पण आमचे मंडळ थंडावले तेव्हा असे मोबाइल नव्हते. तरुण मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातात हे कारण अधिक वजनदार आहे. आमच्या दोन्ही मुली २००० पर्यंत गाव सोडून गेल्या होत्या. परंतु गाव सोडणारी मुले दर वर्षी जातात तशी शाळेत नवी मुले दर वर्षी येतात. गळती सर्वच मंडळांना असते. भरती कोठून होणार याची व्यवस्था असली तर ती जाणवत नाही.

टिकलेल्या मंडळांकडे पाहिले की हेच दिसते. जुन्या संस्था खगोलशास्त्राचे प्राथमिक वर्ग चालवतात, त्यामुळे धूमकेतू येवो न येवो, नवी तुकडी येत राहते. त्या तुकडीतून पुढच्या वर्षीचे मार्गदर्शक तयार होतात. रात्रभराच्या आकाशदर्शनाला लोकांकडून शुल्क घेतले जाते आणि कार्यक्रमाची कामे नव्या कार्यकर्त्यांत वाटली जातात. शुल्काविषयी आम्हांला उगीच संकोच होता. नोंदणीच्या बाबतीतही तसेच. संस्था नोंदवायला १८६० च्या कायद्यानुसार किमान सात माणसे लागतात, पुढे हिशेब तपासून घ्यावे लागतात, कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयाला कळवावे लागते. हा व्याप आम्ही टाळला आणि त्याची खंत मला नाही. फक्त दुर्बीण कोणाची, या प्रश्नाला आमच्याकडे लेखी उत्तर नव्हते.

माझ्या मते भरतीहूनही महत्त्वाचे असते ते काम, ज्याची कोणीतरी वाट पाहत असते. याचे उत्तम उदाहरण बंगालमधील जेसोरचे राधागोविंद चंद्र. ते कोषागारात कारकुनी करणारे गृहस्थ. १९१० चा हॅले त्यांनीही पाहिला. १९१२ साली तीन इंची दुर्बीण घेतली आणि १९१८ साली गरुड तारकासमूहात उजळलेला नवतारा त्यांनी स्वतंत्रपणे टिपला. पुढे रूपविकारी ताऱ्यांची, म्हणजे ज्यांची तेजस्विता बदलत राहते अशा ताऱ्यांची, निरीक्षणे ते अमेरिकेतील निरीक्षकांच्या संघटनेला पाठवू लागले. १९११ साली स्थापन झालेली ती संघटना आजही चालू आहे. तिने १९२६ साली चंद्र यांना एक सहा इंची दुर्बीण वापरण्यासाठी पाठवली. त्यांनी सदतीस हजारांहून अधिक निरीक्षणे नोंदवली. त्यांच्या गावात मंडळ होते की नव्हते याने फारसे बिघडले नाही; दूर कोठेतरी एक टपाल पेटी होती आणि त्यांचा आकडा आला नाही तर तेथल्या आलेखात एक बिंदू कमी पडणार होता. कोलकात्यातली १९१० ची संस्था विझल्यानंतरही ते तीन दशके काम करत राहिले. आणि ती दुर्बीण पुढे वेणू बापू यांच्याकडे गेली, कपाटात पडून राहिली नाही.

आमची मात्र पडून राहिली. ८ जून २००४ रोजी शुक्राचे अधिक्रमण होते. सूर्यबिंबावरून शुक्राचा काळा ठिपका सरकताना दिसण्याचा तो योग एकशे बावीस वर्षांनी आला होता. आम्ही कागदावर सूर्याची प्रतिमा पाडण्याची तयारी केली. वहीतली शेवटची नोंद त्या दिवसाची आहे, माझ्याच अक्षरात: 'ढग. उपस्थिती तीन.' मंडळ बंद करण्याचा ठराव कधी झाला नाही. पुढची अमावास्या पावसात गेली, त्यापुढचीही गेली, आणि नोव्हेंबरात कोणी कोणाला फोन केला नाही.

यंदा फेब्रुवारीत त्या तरुण शिक्षकाला घेऊन मी शाळेत गेलो. प्रयोगशाळेतील कपाटाची किल्ली सापडेना; शिपायाने कुलूप तोडले. नळीला वाळवी लागली नव्हती, मेकॅनिकने तिला आतून-बाहेरून रंग दिला होता तो तसाच होता. आरसा मात्र गेला होता. ॲल्युमिनियमचा थर जागोजागी उडाला होता, कडेला बुरशीचे ठिपके होते. काच शाबूत होती. नवा थर चढवून आणला तर महिन्याभरात दुर्बीण चालू होईल, असे मी त्याला सांगितले. आणि मग ती वही त्याच्यापुढे ठेवून १९९८ च्या पावसाळ्याची पाने उघडली. त्याने हजेरीच्या रेघा बोटाने मोजल्या. मैदानावर आता हायमास्टचा दिवा आहे, टेकडीच्या पलीकडे ढाब्यांची रांग झाली आहे, आकाश पूर्वीसारखे काळे राहिलेले नाही, हेही मी बोललो. तो ऐकत होता की नाही कोणास ठाऊक.

"घासायला एका वेळी एकच लागतो ना?" त्याने विचारले. "मग बाकीचे काय करत होते?"

मी त्याला तलाठ्यांच्या बादल्यांविषयी सांगितले.

जुन्या आरशाचे काम त्याने तूर्त लांबणीवर टाकले आहे. काचेच्या दोन नव्या चकत्या गेल्या आठवड्यात आल्या. कार्बोरंडमची पूड मुलांनी वर्गणी काढून मागवली आहे. जूनच्या पहिल्या शनिवारी सुरुवात करायची असे ठरले आहे आणि प्रयोगशाळेच्या नव्या कुलपाच्या दोन किल्ल्या नववीतल्या दोन मुलींकडे दिल्या आहेत. मी एक मागितली होती; त्याने दिली नाही.